खेळाच्या खोलीतली वाळू

घमेल्याचा आवाज आला की मी अजून दचकते. खरं म्हणजे आता दचकायचं कारण उरलेलं नाही, मला कुणी उचलून नेऊ शकत नाही. पण स्वभाव! मी वाळू. कृष्णेची. डोळ्यात गेले म्हणून तुम्ही मला शिव्या दिल्या असतील, पण माझं बोलणं कधी ऐकलं नसेल.

जन्माचं विशेष काही नाही. वाईकडचा कुठलासा दगड फुटला, नदीनं त्याला घासलं, घासलं, आणि मी झाले. पुढं कोरेगाव तालुक्यातल्या एका गावाजवळ काठाला निवांत पडून होते. बासष्ट सालच्या उन्हाळ्यात बैलगाड्या आल्या. ग्रामपंचायतीची कचेरी बांधायची होती. सरपंच नानासोंनी नारळ फोडला, फोटो निघाला, मी धर्मशाळेशेजारी ढीग होऊन बसले, आणि सिमेंट काही आलं नाही. सिमेंटला परमिट लागे, आणि परमिट साताऱ्यात कुठल्याशा टेबलावर झोप काढत होतं.

"सरकारी माल हाय. कुनी हात लावायचा न्हाई," नानासोंनी दवंडी दिली. तेव्हापासून अंधार पडला की लोक हात न लावता घमेल्यानं न्यायला लागले. ही दचकायची सवय तिथली.

पुढच्या वर्षी धर्मशाळेच्या पडवीत बालवाडी सुरू झाली. शिकवायला आली फरीदा. सांगलीच्या चांदसाहेब टेलरांची मुलगी, कॉलेजात इंटरपर्यंत शिकलेली, बालवाडीचं ट्रेनिंग घेतलेली. इथं मामूंकडे राहायची. तीही माझ्याच जातीची. कुणी जरा मोठ्यानं "बाई" म्हटलं की तिच्या हातातला खडू खाली! वडिलांनी बजावलं होतं, "नोकरी टिकली तर ठीक. नाहीतर मिरजेचं स्थळ आहेच." त्या स्थळाची आठवण झाली की ती घाईघाईनं मुलांना गाणं शिकवायला घ्यायची.

पहिल्या दिवशी तिनं मुलांना ओळीत बसवलं. ओळ म्हटली की कोण कुणाशेजारी, हा प्रश्न आलाच. बौद्धवस्तीतला सोपान बसला की आया येऊन आपापली पोरं हळूच पुढं सरकवायच्या. सोपान आपोआप शेवटचा. फरीदा बघायची, ओठ चावायची आणि हजेरी घ्यायला लागायची.

चार दिवसांनी मुलांनीच निकाल लावला. पडवीतून उड्या मारल्या आणि थेट माझ्यावर! फरीदा धावत बाहेर आली. "अरे, सरकारी वाळू आहे ती!" मुलांना सरकार ठाऊक नव्हतं. तिनं इकडंतिकडं पाहिलं, पदर खोचला आणि ती स्वतःच ढिगावर बसली.

ढिगावर ओळ करता येत नाही हो. केली तरी घसरते.

मग रोज माझ्यावर कोरेगावचा बाजार भरायला लागला. सोपान गुळाचा व्यापारी. मला ओली करून ढेपा पाडायचा. नानासोंची नात आक्काताई दोन महिने बालवाडीत अवाक्षर बोलली नव्हती. एके दिवशी तिनं सोपानच्याच दुकानातली ढेप उचलून त्याच्या तोंडापुढं धरली. "खा की रं! लय ग्वाड हाय." त्यानं मचमच आवाज करत खाल्ली. तिच्या आजीनं पाहिलं असतं तर गाव डोक्यावर घेतलं असतं. पण वाळूच्या गुळाला विटाळाचा नियम अजून कुणी केला नव्हता.

आणि मग निरोप आला. बालवाडी चांगली की वाईट हे तपासायला साताऱ्याहून मोठ्या बाई येणार. पसंत पडली तर चालेल, नाही तर बंद.

नानासो तरातरा आले. "बाई, पोरं अशी वाळूत लोळताना दिसली तर काय म्हनतील त्या? गुरं राखायला धाडल्यात व्हय?"

"खेळातूनच शिकतात ती, नानासो. ट्रेनिंगमध्ये तसंच शिकवलंय."

"ट्रेनिंग ऱ्हाऊ द्या ट्रेनिंगात. शाळा म्हंजी शाळा दिसाय पायजे. बालवाडी बंद पडली तर तुमी जाशीला सांगलीला, तोंड दाखवायचं मला."

सांगली म्हणताच फरीदाला मिरज दिसली. तिनं मुलांना ढिगावरून खाली बोलावलं.

मुलांना घरोघर फिरून गोळा करणारी धोंडुबाई तेवढी हसली. "आवं सरपंच, ही पोरं गप बसवायची म्हंजी पाटीत बेडकं भरायची की वो!"

पण भरली. आठवडाभर एकच धडा, हाताची घडी आणि तोंडावर बोट. माझ्यावर ताडपत्री आली, ताडपत्रीवर झेंडूच्या कुंड्या. मी इतकी सुंदर कधीच दिसले नव्हते.

जीप आली. ताडपत्रीला एक भोक होतं, म्हणून मला दिसलं. मोठ्या बाई खुर्ची सोडून मुलांत खाली बसल्या. "काय रे, आज काय काय खेळलात?"

तोंडावर बोट.

"तू सांग, बाळ."

आक्काताईचं बोट जरा खाली आलं. "आमी वाळूत..." एवढ्यात धोंडुबाईनं तिच्या तोंडात खडीसाखर कोंबली.

बाई फरीदाकडं वळल्या. "मुलं खेळतात ना?"

साधा प्रश्न होता. पण घाबरलेल्या माणसाला प्रश्नसुद्धा आरोपच वाटतो. फरीदा ताडकन उभी राहिली. "नाही, बाईसाहेब! अजिबात नाही! मी खेळूच देत नाही!"

बाईंचा चेहरा पडला. नानासोंचा खुलला. त्यांनी कपाट उघडून जिल्ह्याकडून आलेले लाकडी ठोकळे दाखवले, कागदात गुंडाळलेले, जसेच्या तसे. "एक बी तुटल्याला न्हाई, बाईसाहेब."

"तुटायला हवे होते," बाई पुटपुटल्या. नानासोंना ते कौतुक वाटलं.

निघताना त्या माझ्यापाशी थांबल्या. ताडपत्रीवर हात ठेवला. "इथं काय आहे?"

"काय न्हाई. पंचायतीचं सामान."

मला वाटलं, थोडं तरी सांडावं. पण कुणी ढकलल्याशिवाय मला सांडता येत नाही. फरीदाचे ओठ हलले. "बाईसाहेब, ती..." तोवर नानासोंनी जीपचं दार उघडून धरलं होतं.

पंधरा-वीस दिवसांनी साताऱ्याहून अभिप्राय आला. फरीदानं तो मोठ्यानं वाचला. "मुले निरोगी, परंतु दबलेली. खेळण्यास जागा नसल्याने खेळत नसावीत. बालवाडी चालू ठेवावी. मुलांसाठी खेळाची पक्की खोली त्वरित बांधावी. सिमेंट मंजूर." वाचता वाचता ती रडायला लागली.

"रडू नगासा, बाई! नोकरी टिकली की वो तुमची! आन् खोली हुनार!" नानासो म्हणाले. "वाळू तर आयतीच हाय."

"नानासो, तेवढी वाळू राहू द्या. निदान गाडीभर तरी."

"आवं, खेळायच्या खोलीलाच कमी पडंल ती!"

साताऱ्याच्या मोठ्या बाई भल्या होत्या. नानासो वाईट नव्हते. सगळ्यांना मुलांचं भलंच करायचं होतं, आणि घमेली माझ्याकडं येत होती. यावेळी उजेडात.

आता मी भिंतीत आहे. दारावर पाटी आहे, 'खेळाची खोली'. फरशी इतकी छान झालीय की मातीचे पाय आत आणायला बंदी आहे. तिच्यावर रंगानं ओळी आखल्यात. त्या घसरत नाहीत. सोपान पुन्हा शेवटचा, भिंतीला टेकून. आजूबाजूच्या गावांचे लोक पाहायला येतात, वर छताकडं बघतात आणि 'वा' म्हणतात.

परवा सोपाननं पाठीमागं हात नेला आणि नखानं माझा गिलावा उकरला. चार कण पडले. दुसऱ्या दिवशी चिमूटभर. तिसऱ्या दिवशी आक्काताई बसल्या जागेवरून सरकत सरकत ओळ ओलांडून त्याच्याजवळ आली. दोघांनी मिळून बोटाएवढी ढेप पाडली.

नेमके नानासो आले. "ह्यो गिलावा कुनी उकरला?"

मी दचकले. फरीदा दचकली नाही. "उंदीर लागलेत, नानासो."

"मग बंदोबस्त करा की."

"करते," ती म्हणाली, आणि मुलांच्या पुढं येऊन अशी उभी राहिली की तो कोपरा दिसूच नये.

भोक आता मुठीएवढं झालंय. ही बालवाडी चांगली की वाईट हे ठरवायला पुन्हा कुणी आलंत, तर एक विनंती आहे. छत बघून झालं की जरा खाली वाका, शेवटच्या मुलामागं बघा. आणि भोक दिसलं तरी गवंड्याला तेवढं सांगू नका.