पन्ह्याचा कारबा

मित्रांनो, मी एक जुना कारबा आहे. वीस लिटरचा, जाड पांढऱ्या प्लॅस्टिकचा. तुम्ही मला कॅन म्हणत असाल. आमच्या सिल्वासात कारबाच म्हणतात. माझ्या पोटात पहिल्यांदा पडलं ते खडोलीच्या एका कारखान्यातलं कॉस्टिकचं जहाल पाणी. कातडीला लागलं तर कातडी सोलून काढणारं. माझ्यावर कवटीचं चित्र असलेला कागद होता, तो दोन पावसाळ्यांत गळून पडला.

१९८९ साली मी रिकामा झालो आणि वाल्मिकने मला घरी नेलं. तो धुळ्याकडचा, त्याच कारखान्यातला मजूर.

"गेटपासवर सही घेऊन आणलाय, चोरीचा नाही!" त्याने दारातूनच बायकोला सांगितलं.

रोहिणीने झाकण काढून नाक लावलं. "उग्र वास मारतोय हो."

"राखेनं धू. आमच्या खात्यातले सगळे यातच पाणी भरतात. कोण मेलं?"

तिने मला राखेने, मग चिंचेने, मग कढत पाण्याने धुतलं. वास गेला. पण माझी मूठ आतून पोकळ आहे, मित्रांनो. तिथे कुणाचं बोट पोहोचत नाही. चुन्यासारखा एक थर तिथे वाळून बसला होता. मला तो कळत होता, सांगणार कसा?

त्यांच्या चाळीत रामनवमीला रमाकांतबुवांचं कीर्तन व्हायचं. बुवा कोकणातले, इथल्या शाळेत मास्तर. काय आवाज होता! त्यांनी पाळणा धरला की रडकी तान्ही पोरंसुद्धा गप्प होत. रामरायाने स्वतः येऊन ऐकावा असा तो गळा. कीर्तनानंतर सगळ्यांना पन्हं, आणि त्या वर्षी रोहिणीने तो मान मागून घेतला होता.

तिने दोन-तीन पाट्या कैऱ्या उकडल्या, गर काढला, गूळ घालून मंद आचेवर घट्ट होईस्तोवर हलवला. पाण्याचा थेंब लागला नाही तर असा गर महिनाभर टिकतो. बरण्या पुरेनात, म्हणून निववून तो माझ्यात गळ्यापर्यंत भरला. माझी मूठही भरली.

"चाखून तरी बघ गं," शेजारच्या सरुबाई म्हणाल्या. "गूळ कमी पडला तर बुवा कथेत घेतील तुला!"

"नैवेद्याचं कुणी चाखतं होय, मावशी?" रोहिणी हसली.

आठ दिवस मी तसाच उभा होतो.

नवमीला भर दुपारी रामजन्म झाला, गुलाल उडाला. रोहिणीने मला तिरका केला. पहिली धार मुठीतून आली, ती देवाच्या वाटीत. उरलेला गर पातेल्यात ओतून सगळ्यांसाठी पन्हं केलं. वाटीत पाणी घालून, तुळशीपत्र ठेवून नैवेद्य दाखवला आणि तीच वाटी प्रसाद म्हणून बुवांच्या हातात दिली. दोन तास गाऊन घसा सुकलेला. बुवांनी ती एका घोटात रिकामी केली.

त्यांचे डोळे विस्फारले. समोर रोहिणीची आठ वर्षांची सोनी पेला ओठांशी नेत होती. बुवांनी फटका मारून तो उडवला. मग पातेलं लाथेने उलथवलं. देवापुढचं पातेलं, लाथेने!

"का हो मास्तर?" वाल्मिकचा भाऊ नवनाथ धावून आला. "आमच्या हातचं चालत नाही वाटतं?"

त्याने बुवांचं उपरणं धरलं. बुवा हात जोडत होते, तोंड उघडत होते, आवाज निघेना. मग उपरण्यावर रक्त सांडलं.

बुवा वाचले. त्यांचा गळा वाचला नाही.

तीन महिन्यांनी ते चाळीत आले. मी पायरीखाली पडून होतो. मला शिवायलाही लोक भीत होते. रोहिणीने त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. बुवांनी सोनीची पाटी मागितली आणि तिच्यावर लिहिलं. रोहिणीला वाचता येत नव्हतं. सोनीने एकेक अक्षर लावून वाचलं: "पोरं वाचली. गळा रामाने दिला होता, रामाने नेला. तू रडू नकोस."

रोहिणी आणखीच रडली. त्या चाळीत पुन्हा कीर्तन झालं नाही.

त्याच संध्याकाळी वाल्मिकने मला नाल्यात फेकलं. फेकलं, पण फोडलं नाही. भंगारवाल्याने उचलून, घासून मला किलवणीच्या रस्त्यावर मांडलं. तिथे मी कित्येक वर्षं उन्हात आहे. मुठीत अजूनही कुणाचं बोट पोहोचलेलं नाही. आज एका बाईने मला उचललंय. तिच्या टोपलीत पिकलेली जांभळं आहेत.

"सरबताला चालेल का हो?"

"धुऊन घ्या. चालेल की."

मित्रांनो, तुमच्यापैकी कुणी जवळपास असाल तर धावत या. मला धुऊ नका. माझ्या तळाला मोठं भोक पाडा.