ओल्या पुठ्ठ्याचा वास

दूध करपल्याचा वास आला तेव्हा मी आतल्या खोलीत वाचत होतो. उठावं की नाही, यात माझा थोडा वेळ गेला. स्वयंपाकघर हिचं. तिथं काही करपलं तर ते हिला माझ्या कितीतरी आधी कळणार, अशी एक्केचाळीस वर्षांची रीत. म्हणून मी हातातलं पान संपवलं. मग दारातून धूर दिसला.

ही शेगडीपासून दोन हातांवर स्टुलावर बसून लिंबाच्या साली चिरत होती. रस काढलेल्या साली ही सिरक्यात, म्हणजे व्हिनेगरमध्ये, घालून ठेवते आणि आठवड्याने तोच सिरका मोरी घासायला घेते. शेगडीवरचं पातेलं काळंठिक्कर पडलं होतं आणि हिची सुरी शांतपणे चालली होती.

"अगं, दूध!"

हिने मान वर केली, धुराकडे पाहिलं आणि मग उठली. "लक्ष नव्हतं," म्हणाली.

नेमकी त्याच वेळी लेक दारात उभी. ती दर रविवारी येते. डबाबंद अन्नाच्या कारखान्यात ती तपासनीस आहे. तारीख वाचल्याशिवाय ती पाणीसुद्धा पिणार नाही, असं ही म्हणते. महिन्याभरातला हा तिसरा प्रकार होता. आधी एकदा पीठ कोंदट निघालं होतं आणि एकदा नासलेल्या दुधाचा चहा झाला होता. दोन्ही वेळा ही "विसरले" म्हणाली होती.

लेकीने खिडक्या उघडल्या, पातेलं मोरीत ठेवलं आणि हात पुसत म्हणाली, "आई, तू विसरायला लागली आहेस. पुढच्या रविवारी मी ही गॅसची शेगडी घेऊन जाणार. दोन वेळचा डबा लावून देते. चहाला विजेची किटली आणते."

"नेऊन ठेवशील कुठे?"

"माझ्याकडे."

"तुझ्याकडे आहे की एक. दुसरीवर काय, डोकं तापवणार?"

"आई, मी गमतीत बोलत नाहीये."

ते मलाही दिसत होतं. पण अशा वेळी काय बोलावं हे मला सहसा दोन दिवसांनी सुचतं.

शेगडी गेली तर हिच्याकडे काय उरणार, हे मी सांगायला हवं, जरी मला ते नीट सांगता येईल असं वाटत नाही. हिच्या हातून काही वाया जात नाही. साबणाच्या चिपा जुन्या मोज्यात बांधून त्याने ही बेसिन घासते. कडक झालेल्या पावावर पाणी शिंपडून तो झाकणाखाली गरम करते, की तो सकाळचा वाटतो. उरलेली चहापत्ती वाळवून तेलकट भांड्यांना लावते. अडकणाऱ्या ड्रॉवरच्या कडांना मेणबत्तीचं टोक घासते. इमारतीतल्या निम्म्या बायका भांडं करपलं की आमच्या दारात येतात. आणि या सगळ्याच्या मुळाशी हिचं नाक होतं. दूध आज टिकेल की उद्या, गाळून ठेवलेलं तेल भाजीला चालेल की नाही, हे ही भांडं नाकाशी नेऊन ठरवायची. तारीख कधी पाहिली नाही.

त्या आठवड्यात मी हिच्याकडे जरा लक्ष देऊन पाहिलं. ही नेहमीसारखं पातेलं नाकाशी न्यायची, पण चेहऱ्यावर काहीच उमटायचं नाही. आधी नाक मुरडायची किंवा मान हलवायची. आता पातेलं नुसतं वर जायचं आणि खाली यायचं. विचारावं की नाही, याचा मी सोमवार आणि मंगळवार असा दोन दिवस विचार केला. बुधवारी दुपारी ही त्या करपलेल्या पातेल्यात सोडा आणि पाणी उकळून तळ खरवडत होती, तेव्हा विचारलं.

"तुला वास येतो का?"

हिने नळ बंद केला. "तो ताप येऊन गेला ना, तेव्हापासून नाही."

"म्हणजे दीड महिना?"

"मोजलं नाही."

"मग तिला सांग ना. ती समजते तू विसरतेस."

"विसरणाऱ्या बाईला आठवण तरी करून देता येते," ही म्हणाली. "वास न येणाऱ्या बाईपुढे पेटती शेगडी कोण ठेवील? आणि ती तर तपासनीस." ही पुन्हा खरवडायला लागली. थोड्या वेळाने तिने विचारलं, "तुम्हाला येतो ना?"

"येतो. म्हणजे, तसा येतो."

"मग बरंय. चाळीस वर्षं कशात नाक खुपसलं नाहीत, ते आता खुपसा."

इथे माझ्या नोकरीबद्दल थोडं. मी चौतीस वर्षं ग्रंथालयाच्या बांधणी विभागात होतो. फाटकी पुस्तकं शिवणं, पाठी चिकटवणं हे काम. पुस्तक उघडण्याआधी त्याचा वास घ्यायचा, हे आमच्याकडे पहिल्या दिवशी शिकवत. ओल लागलीय, बुरशी धरलीय की नुसतं जुनं आहे, ते वासावरून कळतं. तेव्हा नाक मला होतं. पण त्या नाकाला फक्त बांधणी विभागाची भाषा यायची.

हिने पिठाचा डबा माझ्यापुढे धरला. "कसा आहे?"

"ओल्या पुठ्ठ्यासारखा."

"म्हणजे?"

"म्हणजे पाऊस आत आल्यावर खालच्या फळीवरच्या पुस्तकांना येतो तसा. पण बुरशीचा नाही. बुरशीचा निराळा. जरा गोडसर असतो."

ही डब्याकडे बघत राहिली. "ओला पुठ्ठा म्हणजे कोंदट झालंय, बिघडलेलं नाही," तिने ठरवलं. "चाळून उन्हात टाकते."

असं आमचं सुरू झालं. दुधाला आंबलेल्या खळीचा वास आला म्हणजे ते नासायच्या बेतात आहे. मग ही त्यात चिमूटभर सोडा घालून लगेच तापवायची, नाहीतर त्यात पीठ भिजवायची. खळ म्हणजे आम्ही कागद चिकटवायला पीठ शिजवून करायचो ती. तांदळाला कापडी बांधणीचा वास, म्हणजे नुसते जुने, चांगले. आणि तेलाला सरसाचा वास, म्हणजे ते खवट. सरस आम्ही पुस्तकांच्या पाठींना लावायचो. शेगडी पेटली की मी दारात पुस्तक घेऊन उभा राहायचो आणि काही लागायला लागलं की खोकायचो. समोरची शिंपीणबाई शुक्रवारी तेलाची बाटली घेऊन आली, "काकू, बघा हो, हे चालेल का?" हिने बाटली नाकाशी नेली आणि सहज माझ्या हातात दिली, "जरा धरा हो, ओट्यावर जागा नाही." मी हुंगलं आणि म्हणालो, "हे सरसासारखं दिसतंय."

"तेल आहे हो काका ते," शिंपीणबाई म्हणाली.

"त्यांना सगळं तसंच दिसतं," ही म्हणाली. "तू हे खाऊ नकोस. कात्रीच्या खिळ्याला लाव."

शिंपीणबाई गेल्यावर ही हसली. दीड महिन्यात मी तिला तशी हसताना पाहिलं नव्हतं. रविवारी लेकीला पूर्ण जेवण रांधून वाढायचं, असं तिने तेव्हाच ठरवलं. एकही चूक निघाली नाही तर शेगडी राहील, हा तिचा हिशोब.

चूक मी केली.

शनिवारी शिंपीणबाईच्या मुलीच्या शब्दकोशाची पाठ मी घरीच चिकटवून दिली होती. रविवारी सकाळी हिने गाळून ठेवलेल्या तेलाची बरणी माझ्यापुढे धरली आणि मला सरसाचा वास आला. स्पष्ट आला. पण कालपासून माझ्या बोटांना तोच वास होता. मी बोटं हुंगली, बरणी हुंगली, पुन्हा बोटं हुंगली. तेलाचा कोणता आणि माझा कोणता, ते मला सांगता येईना. मी हात धुऊन पुन्हा यायला हवं होतं. पण ही कढई घेऊन उभी होती आणि लेक यायची वेळ झाली होती.

"अहो, काय?"

"ठीक आहे," मी म्हणालो.

लेक आली ती हातात मोठी पिशवी आणि नट सोडवायचा पाना घेऊन. पिशवी तिने शेगडीशेजारीच ठेवली. आधी तिने आईला प्रश्न विचारले. आज वार कोणता, काल काय रांधलं, तुझ्या धाकट्या बहिणीच्या घराचा मजला कितवा. हिने सगळी उत्तरं दिली आणि वर विचारलं, "आता तू सांग, मागच्या रविवारी माझी छत्री नेलीस ती कुठे आहे?"

लेक आठवत बसली. मला वाटलं, जमलं.

मग आम्ही जेवायला बसलो. भात, घेवडा आणि तेलावर परतलेले बटाटे. लेकीने बटाट्याचा पहिला घास घेतला आणि चावता चावता थांबली. घास तिने हळूच ताटाच्या कडेला काढून ठेवला.

"आई, तेल खवट आहे."

तिने ताट पुढे सरकवलं.

"बरणी उघडल्यावरच कळायला हवं होतं. तुला कळलं नाही?"

हिने माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही. मग ताटाकडे बघत म्हणाली, "विसरले."

लेकीने पाना उचलला. तिला राग आला नव्हता, उलट डोळे भरले होते, ते मला दिसलं. ती शेगडीमागे वाकली.

"चूक माझी आहे," मी म्हणालो. आवाज इतका बारीक निघाला की मला तो पुन्हा म्हणावा लागला. "चूक माझी आहे. तिला वास येत नाही. मी दारात पुस्तक घेऊन उभा असतो, वास सांगतो आणि ती रांधते. आज मी चुकीचं सांगितलं."

"बाबा, तिला पाठीशी घालू नका."

"घालत नाही. तपासून बघ. तुझं कामच आहे ते."

ही मला गप्प बसायची खूण करत होती. लेकीने दोघांकडे पाहिलं, पाना खाली ठेवला आणि कारखान्यात करत असेल तसं मुकाट्याने कामाला लागली. हिला डोळे मिटायला सांगून तिने चार वाट्या आणल्या. कांदा, सिरका, कॉफी आणि फिनेल. एकेक वाटी हिच्या नाकाखाली धरली. फिनेलच्या वाटीला ही म्हणाली, "पाणी?"

लेक खुर्चीवर बसली. "म्हणजे तू विसरत नाहीस."

"तुझी छत्रीसुद्धा मीच आठवून दिली."

"तुझी छत्री, आई." मग लेक सरळ बसली. "पण मग शेगडी तर मुळीच नको. गॅस सुटला तर तुला कळणारही नाही."

हेच होणार, हे हिने मला बुधवारी सांगितलं होतं. आता ती डोळे उघडून भिंतीकडे बघत होती. सांगितलं नसतं तर बरं झालं असतं, असं मला क्षणभर वाटलं. पण सांगून झालं होतं आणि अर्ध्यावर थांबण्यात काही अर्थ नव्हता.

"माझीही परीक्षा घे," मी म्हणालो. "पण हात धुऊ दे आधी."

मी हात दोनदा धुतले, लिंबाची साल चोळून. लेकीने मला दाराकडे तोंड करून बसवलं, आईला खिडकीकडे, म्हणजे कोणाला काही दिसायला नको. मग तिने फडताळातून एकेक जिन्नस काढून माझ्या खांद्यावरून पुढे केला. डोळे माझेही मिटलेले होते.

"ओल्या पुठ्ठ्याचा," मी म्हणालो. "अगदी थोडा."

"पीठ," खिडकीकडून ही म्हणाली. "खालच्या डब्यातलं. अजून एक ऊन लागेल त्याला."

"आंबलेली खळ. उद्यापर्यंतही थांबणार नाही."

"दूध. आताच तापव ते, चिमूटभर सोडा घालून."

"कापडी बांधणी."

"तांदूळ. चांगले आहेत."

"सरस," मी म्हणालो. या वेळी बोटं हुंगली नाहीत. "नक्की सरस."

"तेल. ते खिडकीच्या लोखंडी गजांना पुसायला जाईल. फेकू नकोस."

लेकीने तेलाची बरणी टेबलावर ठेवली आणि बराच वेळ तिचं झाकण लावत बसली.

"आमच्याकडे एकट्याच्या सहीवर माल बाहेर जात नाही," ती शेवटी म्हणाली. "दोन सह्या लागतात. एकाने तपासायचं, दुसऱ्याने ठरवायचं." ती आमच्याकडे बघत नव्हती, हातोहात खाली ठेवलेल्या पान्याकडे बघत होती. "गॅस सुटला की वाजणारं यंत्र मी उद्या बसवून घेते. आणि बाबा घरात नसतील तेव्हा शेगडी पेटणार नाही. बाबा दारात उभे राहून वाचणार नाहीत. आत बसतील, पुस्तक न घेता."

"न घेता?" मी विचारलं.

"न घेता."

"त्यांना जागा कुठाय आत?" ही म्हणाली. पण म्हणता म्हणता ती स्टुलावरचे कागद उचलत होती.

लेकीने डबेवाल्या बाईंना फोन केला आणि उद्यापासून डबा नको म्हणून सांगितलं. त्यांनी का म्हणून विचारलं असावं, कारण ती म्हणाली, "काही नाही, घरीच सोय झाली." मग तिने पाना रिकाम्या पिशवीत टाकला.

बटाटे कोणी खाल्ले नव्हते. ही उठली, चार बटाटे परत सोलले, कढई घासली आणि शेगडी पेटवली. मग फडताळातून तेलाची नवी, न उघडलेली बाटली काढली, बूच काढलं आणि लेकीच्या देखत, काही न लपवता, मला हाक मारली.

"अहो, या इकडे."

मी गेलो. तिने बाटली माझ्या नाकाखाली धरली. लेक हाताची घडी घालून बघत होती. मी एकदा हुंगलं, दुसऱ्यांदा हुंगलं.

"लवकर सांगा, पोर उपाशी आहे."

मी तिसऱ्यांदा हुंगलं. "कशासारखाच नाही," मी म्हणालो.

हिने तेल कढईत ओतलं.