काकांचे चाळीस सेकंद

आमच्या नरेंद्रकाकांच्या तोंडाचा पट्टा सुरू व्हायचा तो नेमका चिमट्यात प्लॅस्टिकची पट्टी धरली की! अमेरिकेत श्रूजबरीजवळच्या आमच्या टेस्टिंग लॅबचे मॅनेजर तेच, मला तिथे चिकटवणारेही तेच. म्हणून मी आपली मान डोलवायची.

काम साधं होतं. लहान मुलांच्या आइस हॉकीच्या हेल्मेटचं प्लॅस्टिक. त्याची पट्टी उणे वीस डिग्रीला गारठवायची, बाहेर काढून पाच सेकंदांच्या आत मशीनवर ठेवायची आणि वरून झुलत येणारा हातोडा सोडायचा. उशीर झाला की पट्टीला ऊब येते, मग ती तुटत नाही, नुसती वाकते आणि पास होते. काकांच्या हातच्या सगळ्या पट्ट्या पास!

"वसुधा, आमच्या नागपूरची थंडी म्हणजे काय सांगू तुला..." मग हुरडा, संत्री, मावसभावाचं लग्न. चाळीस सेकंद! मला वाटायचं, बिचारे बोलघेवडे आहेत. कसली भोळसट मी!

शहाऐंशीच्या फेब्रुवारीत एकदा काका फोनवर अडकले. मी एकटीनेच पट्टी काढली आणि तिसऱ्या सेकंदाला हातोडा सोडला. पापडासारखे दोन तुकडे! दुसरीचे तसेच. पाचही पट्ट्यांचे तसेच.

काका आले, तुकडे बघितले आणि दार लावून घेतलं.

"थोडं थांबायचं असतं गं. क्लायंट मोठा आहे. हे फेकून दे, नव्या पट्ट्या घे, मी धरतो. राजीवचा लेऑफ झालाय, नवरा घरी बसलाय, घर तुझ्या एकटीवर आहे, विसरू नकोस."

म्हणजे सगळं ठरवून! माझं डोकंच फिरलं.

"काका, तुमचा विक्रम हॉकी खेळतो ना? हेच हेल्मेट घालतो?"

काका मशीनवरचे तुकडे गोळा करायला लागले.

"विचारतेय मी, काका."

"नाही," ते खाली बघत म्हणाले. "त्याला दुसऱ्या कंपनीचं घेतलंय."

मी रिपोर्टवर पाच वेळा 'फेल' लिहिलं, खाली सही ठोकली आणि त्यांच्या डोळ्यांदेखत क्लायंटला फॅक्स केला.

"उद्यापासून येऊ नकोस," काका म्हणाले.

"येतंय कोण!" म्हणून मी तरातरा बाहेर पडले. गाडीत बसल्यावर मात्र जाम घाबरले. आता राजीवला काय सांगू?