‘बोलले’चा रकाना

विभावरीचा आकडा तयार होता: अडतीस दिवस. जबलपूरच्या ज्या सरकारी पशुरोग प्रयोगशाळेत ती नोकरीला होती, तिथली खरेदी संगणकावरून व्हायला लागल्यापासून मागणी ते माल ही सरासरी चौसष्ट दिवसांवरून सव्वीसवर आली होती. सोमवारी भोपाळच्या बैठकीत तिला हेच मांडायचं होतं आणि संचालकांना ती तोंडी सांगूनही बसली होती.

जुने चौसष्ट दिवस तिने ज्या वह्यांमधून काढले, त्या तिच्या वडिलांच्याच हातच्या होत्या. अण्णा तिथेच भांडारप्रमुख होते. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली तरी मदन महाल वस्तीतल्या घरातला साबणसुद्धा ते वहीत नोंदवून घेत. रविवारी सकाळी चहा पिताना त्यांनी तिचा तक्ता पाहिला, चष्मा पुसला, पुन्हा पाहिला. मग म्हणाले, पोहे निवून राहिले.

विभावरीने ओळखलं. पोह्यांची काळजी अण्णांनी जन्मात केली नव्हती.

“काय चुकलं, अण्णा?”

“मी काहून सांगू? लोक म्हणतील, म्हातारा आपलाच कारभार सावरून राहिला.”

“इथे लोक नाहीत. मी आहे.”

त्यांनी जुन्या वहीचं पान तिच्याकडे वळवलं. तारखांचे तीन रकाने होते: बोलले, कागद, आले. विभावरीने पहिल्यापासून मोजलं होतं. पण अर्ज हाती आल्याची तारीख दुसऱ्यात असे. पहिल्यात अण्णा लिहीत तो दिवस, ज्या दिवशी कुणी जिन्यात किंवा चहाच्या टपरीवर सहज म्हणालं असेल की लशींचा फ्रिज नीट थंड होत नाही.

“म्हणजे अर्जाआधीचे दिवसही तुम्ही स्वतःवर घेतले?”

“लस तर त्याच दिवसापासून खराब होऊन राहिली होती न, बेटा. ती थोडीच अर्जाची वाट पाहते?”

संगणक मात्र अर्जापासूनच मोजत होता. विभावरीने सगळ्या वह्या दुसऱ्या रकान्यापासून पुन्हा मोजल्या. दुपार झाली. चौसष्टाचे एक्केचाळीस झाले. बचत उरली पंधरा दिवसांची. अण्णा दोनदा पाणी घेऊन आले. तिसऱ्यांदा हळूच म्हणाले की अडतीसच राहू दे, तो रकाना माझ्याशिवाय कुणाला ठाऊक आहे, उगाच साहेबांपुढे तुझं हसं व्हायचं.

तिने पंधरा लिहिलं. खाली एक ओळ जोडली: अर्जाआधीचे दिवस आता कुणीच मोजत नाही, त्यासाठी संगणकात एक रकाना हवा.

सोमवारी पंधरा ऐकून संचालकांचा चेहरा उतरला. पण बैठक सर्वात जास्त रेंगाळली ती त्या शेवटच्या ओळीवर. मंगळवारच्या चहाला तिने हे सांगितलं, तेव्हा अण्णांनी बशी खाली ठेवली.

“मग देऊन राहिले रकाना?”

“पाहू म्हणाले. कागद काही निघाला नाही अजून.”

“पण बोलले न?”

त्यांनी घरची वही ओढली, साबणाच्या खाली नवी ओळ आखली आणि पहिल्या रकान्यात सोमवारची तारीख घातली.