मानेमागचं फूल

शाळेत कपाटं पुष्कळ होती, पण नाव असलेलं कपाट एकच. मोठ्या बाईंनी त्याला 'मायेचं कपाट' म्हणायला सुरुवात केली आणि मग सगळेच तसं म्हणू लागले. ते शिवणाच्या वर्गात, यंत्रांच्या रांगेमागे उभं होतं. ज्या मुलांच्या घरी ओढाताण आहे त्यांच्यासाठी त्यात स्वेटर, बूट, मोजे, साबण, ब्रश, मोठ्या मुलींसाठी पॅड आणि वरच्या फळीवर बिस्किटांचे पुडे असत. किल्ली शिवणाच्या बाईंकडे.

शिवणाच्या बाई म्हणजे शाळेतल्या सगळ्यांत तरुण बाई. घरी नुकती पाऊल टाकायला लागलेली लेक, डोळ्यांखाली अपुऱ्या झोपेची वर्तुळं आणि खांद्यावर कायम लेकीच्या तोंडचं काहीतरी वाळलेलं. कपाटाची कल्पना त्यांचीच. झालं असं होतं, की एकदा त्यांच्या तासाला एक मुलगी सुईत दोरा ओवता ओवता बाकावरून खाली घसरली. तोंडावर पाणी मारलं, तेव्हा कळलं की पोरीच्या पोटात सकाळपासून काही नाही. बाईंनी आपल्या पर्समधला, लेकीसाठी ठेवलेला बिस्किटांचा पुडा तिच्या हातात दिला. पोरीने एक बिस्कीट दोन्ही हातांत धरून कुरतडत कुरतडत खाल्लं आणि उरलेला पुडा हळूच फ्रॉकच्या खिशात सरकवला.

"अगं, खा की सगळी!"

"भाऊ आहे घरी," ती म्हणाली.

तेव्हापासून बाई तिला खारूताई म्हणत. घरी गेल्यावर लेकीला भरवताना बाईंच्या डोळ्यांसमोर तो खिसा यायचा आणि घास हातातच राहायचा. मग त्या मोठ्या बाईंच्या मागेच लागल्या, चार ओळखीच्यांना गळ घातली आणि कपाट उभं केलं. तिथवर सगळं छानच होतं.

थंडीच्या तोंडावर स्वेटरांचा गठ्ठा आला तेव्हा खुणेचा प्रश्न निघाला. सगळ्यांचे गणवेषाचे स्वेटर एकाच रंगाचे. अदलाबदल झाली, हरवले, कुणी दुसऱ्यानेच नेले तर?

"शिक्का मारा शाळेचा. पक्क्या शाईचा," गणिताचे सर म्हणाले.

"अहो सर, मुलं आहेत ती. पोती नव्हेत!" शिवणाच्या बाई म्हणाल्या आणि अख्खी स्टाफरूम हसली. "मी बघते काय करायचं ते."

आणि त्यांनी केलं. लेक निजली की त्या खिडकीशी बसत आणि एकेका स्वेटरवर निळ्या रेशमाचं फूल काढत. नखाएवढं, पण पाकळी न् पाकळी वेगळी दिसावी असं. आत काढलं असतं तरी खुणेचं काम भागलं असतं. पण आत कोण बघणार? त्यांनी ते मानेमागे, कॉलरच्या बरोबर मधोमध, बाहेरून काढलं. स्टाफरूममध्ये स्वेटर हातोहात फिरले. "बाई, हात आहे की जादू!" मराठीच्या बाई म्हणाल्या, आणि शिवणाच्या बाईंच्या अंगावर मूठभर मांस चढलं. मोठ्या बाई म्हणाल्या, "ही आपल्या शाळेची खूणच झाली. पाहुणे येतील तेव्हा दाखवू."

खारूताईला पहिला स्वेटर बाईंनी स्वतःच्या हाताने घातला.

पुढे ऐन कडाक्याच्या थंडीत इतिहासाचे सर आजारी पडले आणि त्यांचा तास बाईंकडे आला. वर्गात शिरल्या शिरल्या त्यांना दिसलं ते हे, की पहिल्या बाकावर खारूताई नुसत्या पातळ फ्रॉकवर काखेत हात खुपसून बसली आहे. ओठ काळेनिळे. बाई लगबगीने तिच्या बाकाशी गेल्या. पण तोंडातून निघाला तो राग.

"स्वेटर कुठाय गं तुझा?"

"दप्तरात."

"दप्तराला थंडी वाजतेय वाटतं?"

वर्ग खो खो हसला. आपला विनोद बसला म्हणून, खरं सांगायचं तर, बाईंनाही बरं वाटलं. त्यांनी आणखी ताणलं. "मी एवढा जीव ओतून फूल काढलं, आणि तू ते वह्यांखाली दाबून ठेवतेस? दिलेलं घालायला लाज कसली? घाल बघू, आत्ताच्या आत्ता."

खारूताईने स्वेटर घातला. डोकं गळ्यातून बाहेर यायला जरा जास्तच वेळ लागला.

"शाब्बास. आता ये, फळ्यावर धड्याचं नाव लिही."

ती उठली. वर्गाकडे पाठ करून लिहू लागली. आणि तेव्हा मागच्या बाकावरच्या एका मुलाने डोळे मिटले, चिमटीत न दिसणारा देठ धरला, तो नाकाशी नेला आणि छाती भरभरून वास घेतला. "अहाहा!"

दाबलेल्या हसण्याने बाक हलले.

"पाणी घाला रे कुणीतरी फुलाला. सुकलंय," दुसरा कुजबुजला.

"कपाटातलं आहे ते. ऊन कुठलं मिळायला!"

बाई ओरडणार होत्या. पण त्या आधी त्यांनी सगळे कुठे बघताहेत ते पाहिलं. खारूताईच्या मानेमागे निळं फूल होतं, वर्गाच्या कुठल्याही कोपऱ्यातून दिसेल असं. तिचे कान लालबुंद झाले होते. खडू एका अक्षरावर थांबला होता, ना पुढे ना मागे.

मग बाईंना एकेक दिसायला लागलं. शेवटच्या बाकावरचा एक उंच मुलगा कायम भिंतीला पाठ चिकटवून का बसतो ते. आणि खिडकीजवळची ती मुलगी, जिला त्यांनी गेल्याच आठवड्यात 'केस मोकळे सोडायला ही काय बाग आहे?' म्हणून झापलं होतं. तिचे केस आजही मानेवर पसरलेले होते. केसांखाली काय आहे ते बाईंना न बघताच कळलं. तिथे त्यांचंच रेशीम होतं.

तोंडात मारल्यासारखं झालं त्यांना. धरणीने पोटात घ्यावं असं नुसतं म्हणतात लोक. बाईंनी त्या क्षणी खरोखरच फरशीकडे पाहिलं.

"बस जाऊन," त्या एवढंच म्हणाल्या. वास घेणाऱ्या मुलालाही काही बोलल्या नाहीत. कुठल्या तोंडाने बोलणार? दप्तराला थंडी वाजतेय हे वाक्य त्याचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी खारूताई आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. मग रविवार गेला, आणि तरी तिचा बाक रिकामाच.

"अगं, तू चांगल्यासाठीच केलंस ना?" नवरा म्हणाला. तो भांडी विसळत होता आणि लेक त्याच्या पायाला धरून उभी होती.

"चांगल्यासाठी आत काढता आलं असतं," बाई म्हणाल्या. "बाहेर काढलं ते माझ्यासाठी."

त्याने लेकीला उचलून त्यांच्या मांडीवर ठेवलं. लेकीच्या लाळेऱ्यावरही तेच निळं फूल होतं. पोरीने ते तोंडात घातलं आणि खुशाल चोखत बसली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शाळेतून बाई परस्पर खारूताईच्या घरी गेल्या. जिन्यावर सायकली, चपला, पाण्याचे कॅन. दार तिच्या आईने उघडलं. ती डबे भरण्याच्या कारखान्यात होती आणि पाळीवर निघायच्या बेतात होती. डोक्याला रुमाल, हातात कामाचे हातमोजे. बाईंना पाहून तिचा चेहराच उतरला. काही न बोलता ती आत गेली आणि घडी केलेला स्वेटर घेऊन आली.

"धुऊन ठेवलाय, बाई. घेऊन जा. शाळेला येत नाही म्हटल्यावर आम्ही कशाला ठेवायचा?"

"अहो ताई, स्वेटर न्यायला नाही आले मी!"

"मग बसा ना." तिने एकुलत्या एका खुर्चीवरचे कपडे घाईघाईने उचलले. "पोट दुखतं म्हणते रोज सकाळी. औषध दिलं, शेकलं. दिवसभर मग बरी असते. काय दुखतं देव जाणे."

खारूताई भिंतीशी उभी होती. मागून धाकट्या भावाने तिच्या फ्रॉकचं टोक धरलं होतं. ती बाईंकडे बघत होती. सांगू नका, असं ते बघणं होतं, अगदी हात जोडल्यासारखं.

आईने स्वेटर उलगडून मांडीवर घेतला. "हे फूल तुम्ही काढलंत ना? किती बारीक काम हो! मी हिला रोज म्हणते, बघ, तुला नुसतं उचलून नाही दिलं कुणी. तुझ्यासाठी बसून काढलंय." आणि तिने पाकळ्यांवरून बोट फिरवलं. कारखान्यात भेगाळलेलं ते बोट रेशमात जरा अडकत होतं. तिने ते जपून सोडवलं.

बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. कुणी चार शिव्या घातल्या असत्या तर त्या घेऊन घरी तरी जाता आलं असतं. हे कौतुक घेऊन कुठे जायचं?

"हिला जरा कोपऱ्यापर्यंत पाठवता माझ्याबरोबर?" त्या कशाबशा म्हणाल्या.

दोघी रस्त्याला लागल्या. खारूताईने आईच्या आग्रहाने स्वेटर घातला होता. इथे मागे बसणारं कुणी नव्हतं.

"चुकलं माझं," बाई म्हणाल्या. "फूलही, आणि वर्गात बोलले तेही. तेच जास्त."

खारूताई मान खाली घालून चालत होती. मोठ्या माणसाने असं म्हटल्यावर काय म्हणायचं असतं ते तिला कुणी शिकवलं नव्हतं.

"मी असं करते, वर्गातल्या सगळ्यांच्या स्वेटरवर फुलं काढते. मग कुणाचं कुठलं, कळणारच नाही."

खारूताई थांबली. "नको बाई! मग सगळे म्हणतील, हिच्यासाठी काढली."

"हं. खरंय."

"तुम्ही काही करू नका," ती म्हणाली. मग आपण फार बोललो असं वाटून तिने जीभ चावली.

"बरं. मग उसवून टाकते. एवढं तरी करू दे."

"आईला आवडतं ते."

आता बाई थांबल्या. एक सायकलवाला घंटी वाजवत दोघींना वळसा घालून गेला.

"उसवलंत तर आई विचारेल, का उसवलं," खारूताई म्हणाली. "मग मला सांगावं लागेल. ती आधीच..." आणि तिने वाक्य तिथेच सोडलं. थोड्या वेळाने, जणू फारसं महत्त्वाचं नसल्यासारखं, म्हणाली, "आत नाही का येत काढायला?"

"येतं," बाई म्हणाल्या. "येतं की. आधीच यायला हवं होतं."

सकाळी बाई मोठ्या बाईंच्या खोलीत गेल्या.

"सगळी फुलं काढून टाकतेय मी. आणि कपाटाला कुलूप नको."

"अहो, पुढच्या महिन्यात पाहुणे यायचेत! मी त्यांना सांगून ठेवलंय. मुलांनी दोन शब्द बोलायचे, आभाराचे..."

"ते तर मुळीच नको." मग त्यांनी वर्गातलं सगळं सांगितलं, स्वतःचं वाक्यसुद्धा, एक शब्द न गाळता. सांगताना त्यांची नजर टेबलावरच्या पेपरवेटवर होती.

मोठ्या बाईंनी पेपरवेट उचलून बाजूला ठेवला. "आणि कुलूप नसलं, खूण नसली, तर स्वेटर चोरीला नाही जाणार?"

"जातील. थंडी वाजणाऱ्यालाच जातील ना?"

"आणि ज्याला गरज नाही त्याने उचलला तर?"

"तर त्याच्यामुळे बाकीचे ओळखू येणार नाहीत."

मोठ्या बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "नावाचं काय करायचं? पाटी लावलीय मी त्याच्यावर."

"काढू या, मोठ्या बाई," शिवणाच्या बाई हळूच म्हणाल्या. मोठ्या बाईंचे कान जरा लाल झाले. दोघी एकमेकींकडे न बघता उठल्या.

खारूताई मधल्या सुट्टीत आली, स्वेटर हातात घेऊन. बाईंनी उसवायची कात्री तिच्याच हातात दिली. "तू उसव. मी शिकवते." धाग्याखाली टोक घालायचं, लोकर न दुखावता उचलायचं. ती दोन्ही हातांनी, कुरतडल्यासारखी, एकेक टाका सोडवत गेली. निळ्या धाग्याचा एवढासा पुंजका टेबलावर साठला.

पण फुलाच्या जागी फुलाच्याच आकाराची भोकं राहिली. बाईंनी नखाने लोकर विंचरली, वाफ दिली, इस्त्री फिरवली. भोकं बुजली, पण जवळून बघितलं तर दिसायचीच.

"राहणार थोडं," बाई म्हणाल्या.

"मुलं अजून म्हणतात," खारूताई म्हणाली. "म्हणतील अजून काही दिवस."

"माहीत आहे."

यावर काही उसवता येत नव्हतं. मागच्या बाकावरच्या त्या मुलाला बाईंनी बोलावून घेतलं होतं, पण ओरडल्या नव्हत्या. आपण काय बोललो होतो ते आधी सांगितलं, मग त्याने तसं का केलं ते विचारलं. तो बूट एकमेकांवर घासत उभा राहिला आणि तसाच निघून गेला. पुढे तो वास घ्यायचा थांबला की बाईंसमोर घ्यायचा थांबला, ते त्यांना कधीच नीट कळलं नाही.

नवं फूल त्यांनी आतून काढलं, डाव्या बाजूला, जिथे स्वेटर धुताना आईचा हात नक्की जाईल अशा ठिकाणी. "आईला काय सांगशील?"

खारूताईने विचार केला. "सांगेन, बाहेर मळत होतं."

बाकीचे स्वेटर एकेक करून आले. कुणाला बोलवावं लागलं नाही. सकाळी यंत्रावर ठेवलेले सापडायचे, उलटे करून, घाबरत घाबरत ठेवल्यासारखे. बाई उसवायच्या आणि दुपारी तिथेच ठेवून द्यायच्या. ठेवणारं कोण, नेणारं कोण, हे बघायला त्या थांबत नसत.

कपाटाची किल्ली त्यांनी मोठ्या बाईंना परत दिली. आपलं यंत्रही फिरवून घेतलं. पूर्वी तोंड कपाटाकडे असायचं, आता पाठ झाली. कुणी येवो, काही नेवो.

एके दुपारी त्या शिवत असताना मागे कपाटाचं दार कुरकुरलं. कुरकुर मध्येच थांबली. कुणीतरी श्वास धरून उभं होतं, बाई वळतात का ते बघत. बाईंची मान अवघडली. कोण असेल? बिस्किटं घेतंय की मोजे? पोटात काही आहे ना त्याच्या? वळून बघावं, हसावं, 'घे हं बाळा' म्हणावं, असं त्यांना इतकं वाटलं की पायाखालचं यंत्र थांबलं. मग त्यांनी पुन्हा पाय हलवायला सुरुवात केली, आणि मुद्दाम जरा जोरात. यंत्राच्या खडखडाटात मागचं दार उघडलं आणि लागलं.

वर्ग रिकामा झाल्यावर त्या उठल्या, यंत्राच्या तेलाची छोटी कुपी घेतली आणि कपाटाच्या बिजागऱ्यांत थेंब थेंब तेल सोडलं. दार दोन-तीनदा उघडून मिटून पाहिलं. आता त्याचा आवाज त्यांनाही येणार नव्हता.