खोट्या हाकेमागे गेलेला ड्रोन

मी टेबलावरून बोलतोय. एकेकाळी बर्फाच्या डोंगरांवरून बोलायचो. आता माझे पंख काढून कपाटावर ठेवलेत, पोटातल्या तारा बाहेर आल्यात. मी सैन्यासाठी बनवलेला टेहळणीचा ड्रोन. बेंगळुरूत जन्मलो आणि बेंगळुरूलाच परत आलो. मधल्या काळात जे घडलं ते सांगतो. दमलोय, तेव्हा सजवून सांगणं जमणार नाही.

मला जोडलं मल्लाप्पांनी. माणूस मूळचा निपाणीकडचा, पण उभी हयात इथल्या संशोधन संस्थेत गेलेली. रोज के. आर. पुरमहून यायचे, डबा खिडकीत ठेवायचे आणि भिंगाचा चष्मा चढवून माझ्यावर वाकायचे. "स्वल्प थांब की रे, हलू नको," म्हणायचे. मी कुठे हलणार होतो? पण त्यांना बोलल्याशिवाय काम होत नसे.

रस्ता ओळखायची अक्कल मला उमाकांत सरांनी दिली. मूळचे सोलापूरचे, निवृत्तीला वर्षही उरलं नव्हतं. हेब्बाळच्या गर्दीला शिव्या देतच आत यायचे, आणि माझ्यापाशी आले की त्यांचा आवाज मऊ व्हायचा.

ती अक्कल साधी होती. आकाशातले उपग्रह सतत हाका मारत असतात. त्या ऐकून आपण कुठे आहोत ते मी ठरवायचो. हाका फार लांबून येतात, त्यामुळे क्षीण असतात. जवळून कुणी त्याच आवाजात, जरा मोठ्यानं हाक मारली, तर मी त्याचंच खरं मानणार. हे सगळ्यात आधी यशश्रीच्या लक्षात आलं. पुण्याहून आलेली, सरांच्या हाताखालची इंजिनिअर.

"सर, खोट्या सिग्नलची टेस्ट राहिलीय," ती म्हणाली. "हा डोळे मिटून विश्वास ठेवतो."

"त्याला अजून दीड महिना लागेल, यशश्री. वर हिवाळा सुरू झालाय. जवान वाट बघतायत."

"मला ते फाइलमध्ये लिहावं लागेल."

"लिही. त्याखाली मी सही करतो. पुढच्या खेपेला करू."

तिनं लिहिलं, त्यांनी सही केली. सर वाईट माणूस नव्हते. आपल्या हातचं एक तरी यंत्र निवृत्तीआधी कामाला लागलेलं त्यांना बघायचं होतं. शिवाय जवान खरोखरच वाट बघत होते.

सीमेवर मी सोळा वेळा उडालो. चौकीतले जवान माझ्यावर घोंगडी घालायचे, स्वतःच्या आधी माझी बॅटरी शेकोटीपाशी ठेवायचे. माणसं यंत्राला फार लवकर आपलं मानतात.

सतराव्या वेळी गस्तीवरचे दोघे हरवले होते. सकाळी बर्फाचा कडा घसरला आणि ते एका घळीत अडकले. वायरलेसवर नुसती खरखर. सीमेपलीकडून कुणी तरी तो बंद पाडत होतं. दुपारी आकाश लख्ख झालं आणि मला सोडलं. मला ते दोघे दिसले. एक बसलेला, एक आडवा. मी त्यांच्यावर घिरट्या घातल्या, फोटो पाठवला आणि खाली जागा लिहिली.

जागा चुकीची होती. वाटेतच कुणी तरी खोटी हाक घातली होती. इतकी हळूहळू, इतकी ओळखीच्या आवाजात, की मला काही खटकलं नाही. मी खोटं बोललो नाही. मला सांगितलेलं खरं मानून पुढे सांगितलं. सुटकेची तुकडी दोन किलोमीटर पलीकडच्या घळीत उतरली. तिथे बर्फाशिवाय काही नव्हतं. खरी जागा सापडेपर्यंत चार तास गेले. दोघेही जगले. त्यातल्या एकाच्या, शिवाप्पाच्या, पायाची चार बोटं मात्र काढावी लागली.

मला पेटीत घालून परत आणलं. चौकशीच्या बैठकीत मी टेबलाच्या मधोमध होतो. तिथे सगळ्यांना एकच शब्द आवडला होता: हवामान. तो शब्द लिहिला की कुणाचंच नाव लिहावं लागत नव्हतं. कागद फिरत फिरत सरांपुढे आला. सरांनी पेनाचं टोपण काढलं, पुन्हा लावलं.

"हवामान स्वच्छ होतं," ते म्हणाले. "एक चाचणी राहिली होती. माझ्या सहायिकेनं लेखी सांगितलं होतं. ती मी पुढे ढकलली."

त्याच आठवड्यात प्रकल्प त्यांच्याकडून काढून यशश्रीकडे दिला. सर तिथेच राहिले, कोपऱ्यातल्या टेबलावर, तिच्या हाताखाली. ती अजून त्यांना विचारल्याशिवाय खुर्चीवर बसत नाही, आणि त्यामुळे ते अधिकच अवघडतात.

शिवाप्पा याच शहरातल्या लष्करी इस्पितळात होता. परवा तो काठी टेकत, जाडजूड बूट घालून आला. मला बघायचंय, असं त्यानंच कळवलं होतं.

"हाच काय तो?"

"हाच," मल्लाप्पा म्हणाले. "कुठल्या गावचा रे तू?"

"इंडी तालुक्यातला, अण्णा."

मल्लाप्पांनी त्याला स्टूल दिलं. उमाकांत सर उठून उभे राहिले. मग म्हणाले, "शिवाप्पा, याची चूक नाही. माझी आहे."

शिवाप्पानं माझ्या कॅमेऱ्यावरून अंगठा फिरवला. "आम्हाला याचा आवाज आला होता, सर. वर घिरट्या घालत होता. मी जोडीदाराला म्हटलं, बघितलं बघ आपल्याला, आता येतील. त्याला झोपू दिलं नाही. बोलत राहिलो. एक तास झाला, दोन झाले..." तो थांबला. "आवाज आला नसता तर बरं झालं असतं, असं वाटायला लागलं होतं."

सर खाली बसले. त्यानं माफ केलं, असं काही म्हटलं नाही. सरांनीही माफी मागितली नाही.

"आता कळतंय काय याला, खरी हाक कुठली, खोटी कुठली?" त्यानं यशश्रीला विचारलं.

"दहापैकी सहा वेळा," ती म्हणाली.

"मग सोडू नका, मॅडम. इतक्यात कुणाच्या डोक्यावर सोडू नका."

तो गेला. मल्लाप्पा त्याला रिक्षात बसवायला फाटकापर्यंत गेले. सरांनी डोळे पुसले, चष्मा घातला आणि यशश्रीला म्हणाले, "लाव पुन्हा."

तेव्हापासून जाड भिंतींच्या या खोलीत मला दिवसभर फसवतात. कधी समुद्रावर आहे म्हणून सांगतात, कधी वाळवंटावर. मी माझ्या अंगाला जाणवणाऱ्या हालचालीशी ताडून बघतो, कॅमेऱ्यासमोर धरलेल्या जमिनीच्या चित्राशी ताडून बघतो, आणि तरीही फसतो. आज सात वेळा ओळखलं, तीनदा फसलो. कुणावर विश्वास ठेवावा, हे शिकण्याइतकं दमवणारं काम दुसरं नसेल.

पण मला बंद करू नका. अजून फसवा. मी इथे कितीही वेळा चुकलो, तरी या खोलीत कुणी माझी वाट बघत बर्फात बसलेलं नाही.