हिरव्या बसवरचा पुसलेला चंडोल

थांबा, लगेच चढू नका. आधी माझ्या कपाळावरचं नाव वाचा. एका माणसाने ते वाचलं नव्हतं, आणि त्याची लाज मला अजून वाटते. तुम्ही म्हणाल, लाज त्याला वाटायला हवी. त्यालाही वाटली, हवी त्यापेक्षा जास्तच वाटली. पण माझी लाज माझ्यापाशी आहे आणि ती वेगळी आहे.

मी एक बस. डेन्व्हरच्या विमानतळावरून माणसं उचलायची आणि माळावरच्या भाड्याच्या गाड्यांच्या आवारात नेऊन सोडायची, एवढंच माझं काम. समोर डोंगर दिसतात, पण त्यांच्या पायथ्याशीही मी कधी गेले नाही. लोक माझ्यातून उतरतात, गाडी घेतात आणि तिकडे निघून जातात. मी वळून परत विमानतळावर येते.

माझा जन्म इंडियानातल्या एका कारखान्यातला. आधी ट्रकचा सांगाडा आणि इंजिन आलं, मग त्यावर बसची पेटी चढवली. म्हणून मी दिसते बस, पण खड्ड्यात आदळले की ट्रक. मला घेतलं ते मेडोलार्क नावाच्या छोट्या घरगुती कंपनीने. मेडोलार्क म्हणजे माळावरचा चंडोल. त्यांनी मला हिरवागार रंग दिला आणि दोन्ही कुशींवर पिवळ्या छातीचा, चोच उघडून गाणारा चंडोल काढला. तेव्हाचा माझा तोरा विचारू नका. पोरं लांबूनच मला ओळखायची आणि आईचा हात ओढत यायची.

त्याच दिवसांत व्हर्लिन आणि अर्डिस हे म्हातारं जोडपं माझ्यात बसलं होतं. मिनेसोटाचे, तळ्याकाठच्या छोट्या गावातले. लेक क्रिस्टा लग्न होऊन इकडे लव्हलँडला आली होती, तिचं नवं घर बघायला चालले होते. अर्डिस पुढे, व्हर्लिन सामान घेऊन मागे. खाली बसायच्या आत अर्डिसने ड्रायव्हरच्या मुलाबाळांची चौकशी केली होती. व्हर्लिन टोपी गुडघ्यावर ठेवून खिडकीतून बघत बसला.

अर्डिस म्हणाली, "हा पक्षी लक्षात ठेव हं. परत जाताना हीच बस."

"तू आहेस ना लक्षात ठेवायला," व्हर्लिन म्हणाला.

पुढे मेडोलार्कच्या मालकाची मुलं या धंद्यात रमली नाहीत आणि कंपनी विकली गेली. कॉपरलाइन नावाच्या मोठ्या कंपनीने आम्हा बसगाड्यांना घेतलं, आमच्या नावाला नाही घेतलं. त्यांच्या बसगाड्या तांबड्या. मला रंगवायला कोण खर्च करणार? चंडोलावर कॉपरलाइनचा स्टिकर चिकटवला, कपाळावर नवं नाव लावलं आणि कामाला जुंपलं. इथलं ऊन कडक. वर्षभरात स्टिकर पातळ झाला आणि खालून चंडोलाची चोच, शेपटी दिसायला लागली. आवारातल्या तांबड्या बसगाड्या मला हसायच्या. रंग एकाचा, नाव दुसऱ्याचं. मला मात्र आतून बरं वाटायचं. निदान चोच तरी आपली उरली.

ड्रायव्हर तेवढा तोच राहिला. हब्तोम, एरिट्रियाचा. त्याच्याजवळ सदैव कॉफीचा थर्मास. त्याच्या मुलखात पाहुण्याला तीनदा कॉफी देतात, पहिल्या कपानंतर उठलात तर घरधनी रुसतो. ती सवय त्याने इथेही सोडली नव्हती. कोणालाही कसलीही गोष्ट तो तीनदा विचारायचा. बाकीचे ड्रायव्हर चिडवायचे, "हब्तोम ब्रेकलासुद्धा तीनदा विचारतो, लागू का म्हणून."

तर तो रविवार. वसंतातला, लख्ख उन्हाचा आणि झोंबऱ्या वाऱ्याचा. विमानतळाच्या खालच्या मजल्यावर बसगाड्यांची ही गर्दी. निळ्या, पिवळ्या, तांबड्या, दोन कंपन्यांचा पांढरा तर एकसारखाच. तिथे फुटपाथवर मला व्हर्लिन दिसला, एकटाच. पाठ वाकलेली, हातात टोपी, पायाशी एकच बॅग. फोन तोंडासमोर धरून तो मोठ्याने बोलत होता, त्यामुळे पलीकडचं बोलणंही सगळ्यांना ऐकू येत होतं.

"बाबा, निळी बस. निळी," क्रिस्टा सांगत होती. "मेडोलार्क आता राहिली नाही, गाडी मी निळ्या बसवाल्यांकडे सांगितलीय. अकराला बाळाचा बाप्तिस्मा आहे आणि झगा तुझ्याजवळ आहे. तू खरंच उतरलायस ना?"

"उतरलोय गं."

"गेल्या वेळेसारखं नको करू. आई गेल्यापासून मी किती वेळा बोलावलं आणि दर वेळी तुझं काहीतरी निघालं. यावेळी नाही आलास तर मी परत बोलावणार नाही."

तो म्हणाला, "न्यायला येऊ नकोस, तुला आज गडबड असेल, मी येतो." फोन खिशात ठेवला. निळी बस शोधायला मान वळवली आणि त्याची नजर माझ्यावर पडली.

त्याचा चेहरा असा उजळला की काय सांगू. स्टिकरखालची चोच त्याला दिसली. इतक्या वर्षांत मला कोणी ओळखलं नव्हतं. मीही हरखले. माझं दार थंडीवाऱ्यात नेहमी अडकतं, हब्तोमला खांदा लावावा लागतो. त्या दिवशी ते अडकायला हवं होतं. मी तेवढं केलं असतं तर त्याने पुन्हा वर बघितलं असतं, नाव वाचलं असतं. पण मी ते सुळकन उघडू दिलं. तो चढला, पूर्वी अर्डिस बसली होती त्या जागेच्या मागे बसला आणि पुढची जागा रिकामीच ठेवली. मला सगळं कळत होतं, तरी मी आनंदात होते.

आवारात पोचल्यावर तो इतरांबरोबर रांगेत उभा राहिला. त्याचा नंबर आला तेव्हा खिडकीतल्या मुलीने नाव शोधलं आणि नाही म्हणून मान हलवली. तो तिचीच माफी मागत बाहेर आला. हब्तोमने विचारलं, "आजोबा, सगळं ठीक ना?" तर म्हणाला, ठीक आहे, ठीक आहे. आणि परत माझ्यात येऊन बसला.

परतताना बस आधी वरच्या मजल्यावर, विमानं सुटतात तिथे थांबते, मग खाली येते. वर उतरून खाली कसं जायचं हे त्याला ठाऊक नव्हतं, म्हणून तो बसूनच राहिला. खाली आलो तर समोरच निळी बस उभी. तो उठला. तेवढ्यात दारातून एक कुटुंब चढायला लागलं, चार पोरं आणि ढीगभर खोकी. हा एक पाऊल मागे सरला. "या, या, तुम्ही आधी," म्हणत त्याने त्यांची खोकीसुद्धा आत घेतली. ती सगळी बसेपर्यंत निळी बस गेली आणि हब्तोमने दार लावलं. थांबव, असं म्हणायला कितीसं लागतं? पण बस भरलेली, सगळ्यांना आपल्यापायी उशीर होईल. बिचारा मूग गिळून खाली बसला.

हब्तोमने आरशातून बघत दुसऱ्यांदा विचारलं, कुठे जायचंय, कॉफी घेता का. "नको, नको. तुम्हाला कशाला त्रास."

भीड भिकेची बहीण म्हणतात ती ही. व्हर्लिनच्या गावची रीतच तशी. कोणी काही पुढे केलं तर दोनदा नको म्हणायचं आणि तिसऱ्यांदा घ्यायचं. गावात ते सगळ्यांना ठाऊक, म्हणून कोणी उपाशी राहत नाही. इथे डेन्व्हरला लोक एकदा विचारतात आणि नको म्हटलं की खरंच नको समजतात. अर्डिस असताना तिसऱ्यांदा हो म्हणायचं काम तिचं होतं.

आवारात पुन्हा सगळे उतरले. हा एकटा बसून. टोपी हातात फिरवत म्हणाला, "मला वरच्या मजल्यावर सोडाल? परत घरी जातो."

हब्तोमने इंजिन बंद केलं. मागे येऊन त्याच्या समोर बसला, थर्मासच्या झाकणात कॉफी ओतली आणि पुढे केली. "आजोबा, तिसऱ्यांदा विचारतोय. कुठे जायचंय?"

व्हर्लिनने झाकण दोन्ही हातांनी घेतलं. एक घोट घेतला.

"मी चुकीच्या बसमध्ये बसलोय," तो म्हणाला.

"ते मला पहिल्याच फेरीत कळलं."

"मग बोलला का नाहीस?"

"तुम्ही वडीलधारे. चारचौघांत तुम्हाला चुकलात म्हणू कसा?"

"आणि मी गप्प, तुला त्रास नको म्हणून."

दोघेही थोडे हसले. माझ्याच्याने हसवलं नाही. दोन भली माणसं एकमेकांची भीड धरून विमानतळाला प्रदक्षिणा घालत होती, आणि सगळ्याचं मूळ मी.

मग तो हळूहळू बोलता झाला. बॅगेत बाप्तिस्म्याचा झगा आहे. त्याच्या आजीपासून घरातल्या प्रत्येक बाळाने घातलेला, शेवटची शिवण अर्डिसच्या हातची. घड्याळात दहा वाजून गेलेत. आता काही वेळेवर पोचणं होत नाही.

"मग लेकीला काय सांगणार?" हब्तोमने विचारलं.

"सांगेन, बर्फ पडला. विमान निघालंच नाही."

हब्तोमने खिडकीबाहेर बघितलं. ऊन असं की डोळे दिपावेत. "आजोबा, उतरलोय म्हणून तुम्ही सांगून बसलात. आता खरं काय ते सांगा. हसतील त्यांचे दात दिसतील."

व्हर्लिनने फोन लावला. क्रिस्टाच्या मागे चर्चमधला गोंगाट ऐकू येत होता. तो दोनदा खाकरला.

"क्रिस्टा, मला हे जमत नाही गं. तिकीट, बस, रांग, सगळं तुझी आई करायची. तू बोलवायचीस तेव्हा माझे गुडघेबिडघे काही दुखत नव्हते. मला भीती वाटायची. आणि भीती वाटते हे सांगायची लाज वाटायची."

पलीकडचा गोंगाट मागे पडला, ती चर्चबाहेर आली असावी.

"मला वाटायचं तुला आमच्याकडे यायचंच नाहीये," ती म्हणाली. आवाज चिरकला होता. "कुठे आहेस तू?"

"हिरव्या बसमध्ये. चंडोलाच्या. तुझी आई बसली होती ना, तिच्यात."

"तिथेच बस. मी येते. चर्च काही पळून जात नाही."

तो सवयीने म्हणाला, "नको गं, तुला कशाला..." हब्तोमने हाताने खूण केली तसा थांबला. "ये," म्हणाला.

ती येईपर्यंत हब्तोमला फेऱ्या मारायच्याच होत्या. व्हर्लिन आमच्याबरोबर फिरला, पण आता पुढच्या जागेवर, अर्डिसच्या. लोक चढले की तो त्यांना सांगायचा, "नाव बघून चढा हं, ही कॉपरलाइन आहे." दोन बायका त्यामुळे उतरून दुसरीकडे गेल्या.

क्रिस्टा आली ती चर्चच्या पोशाखात, बाळाला छातीशी धरून. बापलेक माझ्या पायरीशीच भेटले. मिनेसोटाची माणसं गळ्यात पडून रडत नाहीत. तिने त्याची कॉलर नीट केली, त्याने बाळाच्या टाचेला बोट लावलं. बाहेर वारा मी म्हणत होता, म्हणून हब्तोमने त्यांना आत घेतलं आणि माझ्या मागच्या बाकावर बापलेकींनी बाळाला तो लांबलचक झगा घातला. क्रिस्टाने कडेच्या शिवणीवरून बोट फिरवलं आणि डोळे पुसले. पाद्रीबाईंनी दुपारपर्यंत थांबते म्हणून कळवलं होतं. ते गेले, हब्तोमने काच खाली करून बराच वेळ हात हलवला.

गोड झाला ना शेवट, असं तुम्ही म्हणाल. पण मला ते दार टोचत राहतं. तो माणूस परत फिरला असता आणि झगा बॅगेतच राहिला असता. कशासाठी? तर या म्हातारीला कोणीतरी ओळखावं म्हणून.

आता मला विकायला काढलं आहे. पुढच्या आठवड्यात स्टिकर निघेल, चंडोलही खरवडला जाईल. म्हणून जाता जाता सांगते. बसचा रंग बघून भुलू नका, नाव वाचा. आणि चुकलातच तर बोला. चालती बस थांबवायला लाजू नका, आम्ही थांबण्यासाठीच असतो. आणि तुमच्यापैकी कोणी हब्तोमच्या जागी असेल, तर एकदा विचारून सोडून देऊ नका.

काल व्हर्लिन पुन्हा दिसला. फुटपाथवर एकटाच, टोपी, तीच बॅग. माझ्यापुढे निळी बस लागली होती. त्याने मला बघितलं. खरं सांगते, इतकं सगळं होऊनही त्या क्षणी माझ्या मनात आलं, चुकू दे. एकदाच चुकू दे. या लाजेपुढे पहिली लाज काहीच नाही.

त्याने टोपीला दोन बोटं लावली, मला की हब्तोमला, कोण जाणे, आणि पुढे गेला. निळ्या बसच्या दाराशी थांबला. मागे लोक खोळंबले होते, कोणीतरी घड्याळ बघत होतं. तरी त्याने पायरीवर एक पाय ठेवून, मला ऐकू येईल इतक्या मोठ्याने विचारलं, "मला यातलं फारसं कळत नाही. माझी बस हीच ना?"